शेतकऱ्यांचे कैवारी जोतीराव फुले

पुणे शहरात भाजीपाल्याची एक मोठी दगडी मंडई आहे. ती १८८६ साली सुरू झाली. मुंबईत क्रॉफर्ड मार्केट नावाचा त्याहूनही जुना बाजार आहे. या दोन्ही बाजारांना पुढे एकाच माणसाचे नाव देण्यात आले. ते नाव म्हणजे महात्मा जोतीराव फुले. आपल्या छत्रपती संभाजीनगर शहरातही, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादेत, औरंगपुऱ्यात महात्मा फुले चौक आहे.

जोतीरावांनी मुलींसाठी शाळा काढली, हे तुम्हांला ठाऊक आहे. शाळेला त्यांचे नाव दिले तर त्यात नवल नाही. पण जिथे शेतकरी माल विकतो आणि व्यापारी तो विकत घेतो, त्या बाजाराला त्यांचे नाव का शोभते? या प्रश्नाचे उत्तर त्यांच्या चरित्रात आहे. शेतकरी आणि त्याला पैसे देणारा सावकार, यांचे नाते जोतीरावांनी फार जवळून पाहिले. त्या नात्यातील अन्याय त्यांनी जगापुढे मांडला आणि त्यावर उपायही सुचवले.

जोतीरावांचा जन्म ११ एप्रिल १८२७ रोजी झाला. त्यांचे घराणे मूळचे सातारा जिल्ह्यातील कटगुण गावचे. घराण्याचे मूळ आडनाव गोऱ्हे. पुढे हे कुटुंब पुण्यात आले आणि फुलांचा धंदा करू लागले. पेशव्यांच्या वाड्यात फुले, हार व गजरे पुरवण्याचे काम त्यांच्याकडे होते. त्यामुळे लोक त्यांना फुले म्हणू लागले आणि तेच आडनाव कायम झाले. जोतीरावांचे वडील गोविंदराव शेती करत आणि फुले व भाजीपाला विकण्याचे दुकानही चालवत. आई चिमणाबाई जोती वर्षाचा होण्याआधीच वारली. सगुणाबाई क्षीरसागर या नात्यातील प्रेमळ बाईंनी त्याला सांभाळले. अशा रीतीने शेत आणि दुकान या दोन्ही जागा जोतीने लहानपणापासून पाहिल्या.

जोती मराठी शाळेत जाऊ लागला. अभ्यासात तो हुशार होता. पण त्या काळी शेतकऱ्याच्या मुलाने शिकावे, ही गोष्ट अनेकांना रुचत नव्हती. गोविंदरावांच्या दुकानातील एका कारकुनाने त्यांना सांगितले की, शिकल्याने मुलगा शेतीच्या कामाचा राहणार नाही. गोविंदरावांनी त्याचे ऐकले आणि जोतीला शाळेतून काढले. जोती दिवसभर मळ्यात काम करू लागला. रात्री मात्र दिव्याच्या उजेडात तो पुस्तके वाचत बसे.

शेजारी गफ्फार बेग मुन्शी नावाचे उर्दू व फारसीचे शिक्षक राहत होते. मुलाची वाचनाची आवड त्यांच्या लक्षात आली. त्यांनी आणि लिजिट नावाच्या एका इंग्रज गृहस्थांनी गोविंदरावांना समजावले. इतका बुद्धिमान मुलगा शिक्षणावाचून राहू नये, असे त्यांनी परोपरीने सांगितले. अखेर १८४१ साली जोतीचे नाव स्कॉटिश मिशनच्या इंग्रजी शाळेत घातले गेले. मुन्शीजींनी त्या वेळी मध्यस्थी केली नसती, तर जोतीही त्या काळच्या लाखो शेतकऱ्यांप्रमाणे कागदावर अंगठा उठवणारा एक शेतकरी राहिला असता. अंगठा उठवण्याची किंमत किती मोठी असते, ते आपण पुढे पाहू.

१८४० साली जोतीरावांचे लग्न नायगावच्या सावित्रीबाईंशी झाले. जोतीरावांनी त्यांना घरी शिकवले. १८४८ साली दोघांनी पुण्यात भिडे वाड्यात मुलींसाठी शाळा सुरू केली. लोकांचा विरोध इतका वाढला की, १८४९ साली दोघांना वडिलांचे घर सोडावे लागले. तेव्हा उस्मान शेख या मित्राने त्यांना आपल्या घरी आसरा दिला, असे चरित्रकार सांगतात. सावित्रीबाईंच्या एका पत्रात फातिमा नावाच्या सहकारी स्त्रीचा उल्लेख आहे. सावित्रीबाई आजारी असताना शाळेच्या कामाचा भार या फातिमाबाईंवर होता. त्याच फातिमा शेख म्हणून ओळखल्या जातात.

१८५५ साली जोतीरावांनी आणखी एक शाळा काढली. ही शाळा रात्री भरत असे. दिवसभर शेतात आणि कामावर राबणारी मोठी माणसे तिथे येत. घामेजलेल्या कपड्यांनी ती पाटीसमोर बसत आणि अक्षरे व आकडे गिरवत. मुलांची शाळा समजते. पण वाढलेल्या माणसांना आकडे शिकवण्याची एवढी घाई का? कारण या माणसांचे सारे आयुष्य ज्या वहीत लिहिले जात होते, ती वही त्यांना वाचता येत नव्हती. ती वही सावकाराची होती.

सावकार म्हणजे व्याजाने पैसे देणारा. उर्दूत आपण त्याला साहूकार म्हणतो. ज्या शेतकऱ्याला तो पैसे देई, त्याला सावकाराचे कूळ म्हणत. या व्यवहारातील पुष्कळ मराठी शब्द तुम्हांला नवे वाटणार नाहीत. कर्ज, रक्कम, बाकी, वसूल, दस्तऐवज, जप्ती, रयत हे शब्द उर्दूतही आहेत आणि मराठीतही आहेत. दोन्ही भाषा बोलणाऱ्या शेतकऱ्यांनी हे शब्द सारख्याच धास्तीने उच्चारले.

सावकार आणि कूळ यांचे नाते केवळ पैशाचे नव्हते. शेतकऱ्याला पेरणीच्या वेळी बी हवे असे. पावसाळ्यात घरातले धान्य संपे, तेव्हा खायला दाणे हवे असत. बैल मेला तर दुसरा घ्यावा लागे. मुलीचे लग्न, घरातले आजारपण, सरकारचा शेतसारा, या प्रत्येक गरजेला तो सावकाराच्या दारात जाई. सावकार त्याला रिकाम्या हाताने परत पाठवत नसे. म्हणून शेतकरी त्याला आधार मानत असे. पीक निघाले की, तो ते त्याच सावकाराच्या दुकानात नेऊन घाली. भाव सावकार ठरवी, माप सावकाराचे असे आणि हिशेबही सावकारच लिही. धान्य उसने घेतले तर सुगीला ते सवाईने किंवा दिढीने परत करावे लागे. सवाई म्हणजे एका मणाला सव्वा मण आणि दिढी म्हणजे एका मणाला दीड मण.

असे असले तरी जुन्या काळी या नात्याला काही मर्यादा होत्या. सावकार गावातच राहत असे. गावाचा पाटील आणि चार जाणती माणसे यांचे त्याला ऐकावे लागे. व्याजाची रक्कम मुद्दलापेक्षा अधिक होऊ नये, असा दामदुपटीचा जुना नियम होता. शिवाय शेतकऱ्याची जमीन विकून टाकणे सोपे नव्हते. कूळ जगले तरच सावकाराचे पैसे परत येणार होते. त्यामुळे दोघांनाही एकमेकांना सांभाळून घ्यावे लागत होते.

इंग्रजांच्या राज्यात ही स्थिती बदलली. सरकारने शेतसारा रोख पैशांत आणि ठरलेल्या तारखेला मागण्यास सुरुवात केली. पाऊस पडो वा न पडो, सारा भरावाच लागे. त्यासाठी शेतकरी पुन्हा सावकाराकडे जाई. दुसरीकडे दिवाणी कोर्टे सुरू झाली. कोर्ट कागद पाहत असे. कागदावर शेतकऱ्याचा अंगठा असला की निकाल सावकाराच्या बाजूने लागे. मग घर, गुरे आणि जमीन यांवर जप्ती येई. आता सावकाराला गावाची भीड राहिली नाही.

१८५९ साली सरकारने मुदतीचा कायदा केला. या कायद्याप्रमाणे साध्या कर्जाच्या कागदावर साधारणपणे तीन वर्षांच्या आतच दावा लावता येत होता. जुनी येणी फार काळ रेंगाळू नयेत, हा त्याचा हेतू होता. पण परिणाम उलटा झाला. तीन वर्षे संपत आली की, सावकार शेतकऱ्याकडून नवा कागद लिहून घेऊ लागला. साचलेले व्याज नव्या कागदात मुद्दल म्हणून धरले जाई.

हे एका उदाहरणाने समजून घेऊ. समजा, एका शेतकऱ्याने शेकडा पंचवीस रुपये दराने १०० रुपये कर्ज काढले. तीन वर्षांत व्याज झाले ७५ रुपये. नवा कागद झाला १७५ रुपयांचा. पुढील तीन वर्षांत या १७५ रुपयांवर १३१ रुपये ४ आणे व्याज झाले. तिसरा कागद झाला ३०६ रुपये ४ आण्यांचा. सहा वर्षांत शंभराचे तीनशेहून अधिक झाले! मधल्या काळात त्याने दुकानात घातलेल्या धान्याची पावती त्याच्याजवळ नसे. ते धान्य वहीत जमा झाले की नाही, हे त्याला वाचता येत नसे. जोतीरावांच्या रात्रीच्या शाळेत आकडे का शिकवले जात, याचे उत्तर या हिशेबात आहे.

जोतीराव स्वतः व्यापारही करत होते. ते सरकारी बांधकामांची कंत्राटे घेत, दगड आणि चुना पुरवत. खडकवासला धरणाच्या आणि येरवड्याच्या पुलाच्या कामाशी त्यांचा संबंध होता. पुण्याजवळ मांजरी येथे त्यांची शेती होती. त्यामुळे पैसा कसा फिरतो, मजुराच्या हातात किती पडतो आणि मधल्या मध्ये किती जातो, हे ते रोज पाहत होते. व्यापार वाईट आहे, असे त्यांनी कधी मानले नाही. मात्र एकाच्या अज्ञानावर दुसऱ्याचा नफा उभा राहू नये, असे त्यांना वाटे. धंद्यात मिळवलेला पैसा त्यांनी समाजकार्यात खर्च केला.

याच काळात सातासमुद्रापलीकडे एक घटना घडली आणि तिचा परिणाम दख्खनच्या खेड्यांवर झाला. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झाले. इंग्लंडच्या कापड गिरण्यांना अमेरिकेतून मिळणारा कापूस बंद झाला. गिरणीवाले हिंदुस्थानातील कापूस मागू लागले. मुंबईच्या बाजारात कापसाचे भाव भडकले. मुंबईच्या व्यापाऱ्यांनी शहरांतील सावकारांना पैसे दिले. त्यांनी गावच्या सावकारांना दिले आणि गावच्या सावकारांनी शेतकऱ्यांना दिले. पूर्वी ज्याला पंचवीस रुपये मिळणे कठीण होते, त्याला आता मागेल तेवढे कर्ज मिळू लागले.

१८६५ साली ते युद्ध संपले. अमेरिकेचा कापूस पुन्हा इंग्लंडला जाऊ लागला आणि आपल्याकडचे भाव कोसळले. त्यानंतर लवकरच सरकारने दख्खनच्या अनेक तालुक्यांत शेतसारा वाढवला. वरचा व्यापारी गावच्या सावकाराकडे पैसे मागू लागला. सावकाराने कर्ज देणे बंद केले आणि जुनी बाकी एकदम मागितली. ज्या दाराचा इतकी वर्षे आधार होता, ते दार बंद झाले. हातात उरले ते फक्त अंगठे उठवलेले कागद.

डिसेंबर १८७४ मध्ये पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यातील करडे गावी एका सावकाराने दीडशे रुपयांच्या कर्जासाठी कोर्टाचा हुकूमनामा मिळवला आणि एका देशमुखाचे घर पाडण्यास सुरुवात केली. गावकरी चिडले. त्यांनी सावकारांवर बहिष्कार टाकला. त्यांची शेते कोणी कसेना, त्यांच्या घरी कोणी कामाला जाईना. आसपासच्या गावांनीही तसेच केले. त्यानंतर १२ मे १८७५ रोजी सुपे गावच्या आठवडी बाजारात दंगा उसळला. शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांना आणि दुकानांना वेढा घातला. त्यांना सर्वांत आधी हवे होते ते कर्जाचे कागद. कागद आणि वह्या बाहेर काढून त्यांची होळी करण्यात आली. जिथे सावकारांनी कागद मुकाट्याने दिले, तिथे मारहाण फारशी झाली नाही. दंग्याचे लोण पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांतील अनेक गावांत पसरले. सरकारने पोलीस आणि लष्कर पाठवले. शेकडो लोकांना अटक झाली.

जोतीराव या दंग्यात सामील नव्हते. पण तो कशामुळे झाला, हे त्यांना नेमके कळत होते. कागद जाळल्याने एका वर्षाचे कर्ज नाहीसे होईल; पुढच्या पेरणीला शेतकरी पुन्हा त्याच दारात जाईल आणि नवा कागद त्याच्यापुढे येईल. त्या कागदावर काय लिहिले आहे, हे त्याला वाचता आले पाहिजे. त्याच्या शेतात पाणी असले पाहिजे, गोठ्यात धडधाकट बैल असले पाहिजेत आणि सारा त्याला पेलेल एवढाच असला पाहिजे. तरच ही साखळी तुटेल, असे त्यांचे मत होते.

२४ सप्टेंबर १८७३ रोजी जोतीरावांनी सत्यशोधक समाजाची स्थापना केली होती. या समाजाचे कार्यकर्ते खेड्यापाड्यांत जाऊन शिक्षणाचे महत्त्व सांगत. लग्नात कर्ज काढून खर्च करू नका, असेही ते लोकांना समजावत. कारण लग्नासाठी काढलेले कर्ज पुष्कळदा बापाकडून मुलाकडे येत असे. १८७७ साली कृष्णराव भालेकर यांनी दीनबंधू हे वृत्तपत्र सुरू केले. शेतकरी आणि कामकरी यांची दुःखे त्यात छापून येऊ लागली. त्याच सुमारास, १८७६ ते १८७८ या काळात, दख्खनमध्ये मोठा दुष्काळ पडला. जोतीराव आणि सावित्रीबाईंनी मित्रांच्या मदतीने पुण्याजवळ धनकवडी येथे भुकेल्या मुलांसाठी अन्नछत्र चालवले.

१८७६ पासून काही वर्षे जोतीराव पुणे नगरपालिकेचे सभासद होते. पुण्यात भाजी मंडईची मोठी इमारत उभारण्याची योजना पुढे आली, तेव्हा त्यांनी तिला विरोध केला. एवढी रक्कम इमारतीवर घालण्याऐवजी गरिबांच्या मुलांच्या शिक्षणावर खर्च करावी, असे त्यांचे म्हणणे होते. मंडई बांधली गेलीच. पुढे त्याच मंडईला त्यांचे नाव मिळाले!

१८८२ साली शिक्षणाची पाहणी करण्यासाठी सरकारने हंटर आयोग नेमला. जोतीरावांनी त्या आयोगापुढे निवेदन सादर केले. सरकारचे बरेचसे उत्पन्न शेतकऱ्यांच्या कष्टातून येते. पण शिक्षणावरचा खर्च मात्र वरच्या वर्गाच्या मुलांवर होतो, हा अन्याय त्यांनी दाखवून दिला. वयाच्या बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, अशी मागणी त्यांनी केली.

१८८३ साली त्यांनी शेतकऱ्याचा असूड हे पुस्तक लिहून पूर्ण केले. असूड म्हणजे चाबूक. या पुस्तकात त्यांनी शेतकऱ्याच्या घराचे, त्याच्या जेवणाचे आणि कपड्यांचे बारीक वर्णन केले आहे. सावकार, लाचखाऊ कारकून, कोर्टातील फेऱ्या, सरकारी खात्यांची बेपर्वाई, धर्माच्या नावाखाली होणारा खर्च, या साऱ्यांवर त्यांनी टीका केली. जंगल खात्याने गायराने बंद केल्यामुळे शेतकऱ्याची गुरे कशी उपाशी मरतात, तेही लिहिले. विद्या नसल्यामुळे एकामागून एक सर्व गोष्टी कशा हातातून जातात, हा त्यांच्या विचाराचा गाभा होता. शेतकऱ्यांच्या स्वतःच्या चुकाही त्यांनी लपवल्या नाहीत.

नुसती टीका करून ते थांबले नाहीत. पावसाबरोबर वाहून जाणारी सुपीक माती अडवण्यासाठी बांध घालावेत. पोलीस आणि लष्करातील रिकाम्या हातांना त्या कामाला लावावे. तलाव आणि धरणे बांधून शेताला पाणी द्यावे. गुरांची चांगली पैदास करावी. शेतीची प्रदर्शने भरवून बक्षिसे द्यावीत. शेतकऱ्यांच्या मुलांना शेतीचे शिक्षण द्यावे, असे उपाय त्यांनी सुचवले. या पुस्तकातील भाग त्यांनी पुणे, मुंबई, जुन्नर, ओतूर, हडपसर अशा ठिकाणी लोकांना वाचून दाखवले. ज्यांना वाचता येत नव्हते, त्यांच्यासाठी लिहिलेले पुस्तक त्यांच्या कानांपर्यंत पोहोचवण्याचा तोच मार्ग होता. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनीही ते ऐकले.

१८८० च्या दशकात जुन्नर भागातील शेतकऱ्यांनी जमीनदार आणि सावकार यांच्या जुलमाविरुद्ध एक वेगळाच मार्ग धरला. त्यांनी कागद जाळले नाहीत. आम्ही तुमच्या जमिनी कसणार नाही, असे सांगून त्या पडीक ठेवल्या. जोतीराव आणि सत्यशोधक कार्यकर्ते त्यांच्या पाठीशी उभे राहिले. जमीन पिकली नाही तर खंड कसला आणि व्याज कसले? कुळाला जशी सावकाराची गरज आहे, तशीच सावकारालाही कुळाची गरज आहे, हे त्या शेतकऱ्यांनी शांतपणे दाखवून दिले.

दरम्यान सरकारनेही चौकशी केली होती. दंग्याची कारणे शोधण्यासाठी आयोग नेमला गेला आणि १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी मदतीचा कायदा झाला. तो पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या जिल्ह्यांना लागू झाला. आता कोर्टाला केवळ शेवटचा कागद पाहून निकाल देता येत नव्हता. पहिल्यापासूनचा हिशेब तपासावा लागे. कर्जासाठी शेतकऱ्याला तुरुंगात टाकणे बंद झाले. दिलेल्या पैशाची पावती देणे सावकारावर बंधनकारक झाले. हा कायदा चांगला होता. पण त्यातूनही पळवाटा निघाल्या. काही सावकार गहाणखताऐवजी थेट खरेदीखतच लिहून घेऊ लागले. जो वाचू शकत नाही, त्याला कायदा अर्धीच मदत करू शकतो, हे असे दिसून आले.

मार्च १८८८ मध्ये इंग्लंडच्या राणीचे पुत्र ड्यूक ऑफ कनॉट यांच्यासाठी पुण्यात मेजवानी झाली. उंची पोशाख केलेले बडे लोक तिथे जमले होते. जोतीराव मात्र गरीब शेतकऱ्याच्या वेषात गेले. खेड्यातील रयत अशी राहते, राणीला हे कळवा, असे त्यांनी राजपुत्रासमोर निर्भयपणे सांगितले. त्याच वर्षी ११ मे रोजी मुंबईत जमलेल्या लोकांनी त्यांना महात्मा ही पदवी दिली.

त्यानंतर थोड्याच दिवसांत त्यांना पक्षाघाताचा झटका आला. उजवा हात निकामी झाला. तरी त्यांनी लिहिणे सोडले नाही. डाव्या हाताने लिहून त्यांनी सार्वजनिक सत्यधर्म हे शेवटचे पुस्तक पूर्ण केले. सर्व स्त्रीपुरुष समान आहेत आणि धर्म वेगळे असले तरी माणसांनी भावंडांसारखे राहावे, हा विचार त्यांनी त्यात मांडला. २८ नोव्हेंबर १८९० रोजी त्यांचे निधन झाले. त्यांचे पुस्तक पुढच्या वर्षी प्रसिद्ध झाले.

जोतीराव गेले, पण त्यांनी विचारलेला प्रश्न जिवंत राहिला. १९०४ साली सहकारी पतसंस्थांचा कायदा झाला. शेतकऱ्यांनी आपापसांत पैसे जमवून एकमेकांना कमी व्याजाने कर्ज द्यावे, ही त्यामागची कल्पना होती. आपल्या शेजारच्या जिल्ह्यात लोणी गावी विठ्ठलराव विखे पाटील यांनी १९२३ साली अशी पतसंस्था काढली. पुढे त्याच भागात प्रवरानगरला शेतकऱ्यांच्या मालकीचा सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि १९५० साली त्याचा पहिला हंगाम सुरू झाला. व्यापाऱ्याच्या उसनवारीवर गूळ करणारे शेतकरी तिथे कारखान्याचे भागीदार झाले. १९६३ साली महाराष्ट्रात कृषी उत्पन्न बाजार समित्यांचा कायदा झाला. माल उघड लिलावात विकला जावा आणि मापात फसवणूक होऊ नये, हा त्याचा हेतू होता. २०१४ साली सावकारीला आळा घालणारा नवा कायदा आला. २०१९ साली राज्य सरकारने शेतकऱ्यांच्या कर्जमुक्तीची योजना जाहीर केली. तिलाही महात्मा जोतीराव फुले यांचेच नाव दिले गेले.

इतके कायदे आणि योजना होऊनही मराठवाड्यातील शेतकऱ्याच्या मागची कर्जाची चिंता संपलेली नाही. एखादे वर्ष पावसाने दगा दिला, बँकेचे कर्ज वेळेवर मिळाले नाही, तर तो आजही खाजगी कर्ज काढतो. मोंढ्यातील आडत्याकडून आगाऊ पैसे घेतो आणि कापूस किंवा मका त्याच्याच दुकानात नेतो. सगळे आडते वाईट नसतात. पुष्कळ जण अडचणीच्या वेळी खरोखर मदत करतात. पण मदत घेणाऱ्याला हिशेब समजत असेल, दुसरीकडे जाण्याची वाट मोकळी असेल, तरच ते नाते बरोबरीचे राहते.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यापैकी काहींच्या घरी शेती असेल, काहींचे वडील बाजारात हमाली करत असतील, तर काहींचे दुकान असेल. घरात एखादा कागद येतो, पावती येते, बँकेचे पासबुक येते. कधी तो कागद मराठीत असतो आणि घरातील मोठ्या माणसांना तो नीट वाचता येत नाही. अशा वेळी तो तुम्ही वाचून दाखवा. त्यावर किती रक्कम लिहिली आहे, व्याजाचा दर काय आहे, मुदत कोणती आहे, हे समजावून सांगा. सही करण्याआधी कागद पुरता वाचला पाहिजे, एवढे तरी घरात सर्वांना पटवून द्या. पुण्याच्या रात्रीच्या शाळेत थकलेली माणसे दिव्याच्या उजेडात जे शिकत होती, तेच हे शिक्षण आहे.